तरुणांच्या प्रेमकादंबऱ्यांचे घोडे कोठे पेंड खाते ?

मराठी तरुण वाचीत नाही, अशी ओरड आमच्याकडे साहित्यसंमेलनाचा हंगाम आला म्हणजे नेमाने होते. जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवड येथे भरले आणि यंत्रांच्या नगरीत चार दिवस सरस्वतीचा दरबार थाटला गेला. त्यास वर्षे लोटली. मांडव उठला, ओरड मात्र उठली नाही. आमच्या मते ही ओरडच मुळी चुकीच्या पायावर उभी आहे. निगडी, भोसरी, चाकण येथील मुलगे आणि मुली वाचतात. आमचे पंडित ज्या कपाटापाशी त्यांची वाट पाहत बसले आहेत, तेथे ती फिरकत नाहीत, इतकेच. बेंगळूर येथे २०१४ साली निघालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या माध्यमावर मराठी प्रेमकथा भागाभागाने प्रसिद्ध होतात, पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, अथवा सहा जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर मिळालेल्या आपल्या कॉटवर पडून त्या वाचणारे तरुण आहेत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढून आठवड्या-आठवड्याने कादंबरी घरोघर पोचविली. तीच ही जुनी तऱ्हा नव्या वाहनात बसून आली आहे. तेव्हा तरुण वाचतात की नाही, हा प्रश्न निकालात निघाला असे समजून, त्यांच्या हाती जे पडते ते त्यांच्या वयाच्या आणि त्यांच्या संकटांच्या तोडीचे असते काय, या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहो.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. देशापुढे पगाराचे, पाण्याचे, बेकारीचे प्रश्न उभे असता वृत्तपत्राने प्रेमकादंबऱ्यांची चर्चा करावी, हे कित्येकांस पोरकट वाटेल. त्यांस आमचा उलट प्रश्न असा की, या देशातील जातिभेद आजमितीस कोणत्या खांबावर उभा आहे ? सहभोजनाचा निर्बंध गेला, प्रवासाचा गेला, धंद्याचा बहुतांशी गेला. राहिला आहे तो लग्नाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या आणि लाहोरास न झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध भाषणात मिश्रविवाह हाच जातीवरील खरा उपाय असल्याचे बजावले होते. मुलगा-मुलगी एकमेकांस निवडतात कशी, निवडताना कशास भितात, आणि भिऊनही निवडतात काय, हा म्हणजे राष्ट्राच्या घडणीचाच प्रश्न होय. आणि या प्रश्नाशी सोळा ते बावीस वर्षांच्या वाचकाची पहिली ओळख घरी होत नाही, शाळेत होत नाही. ती कादंबरीत किंवा चित्रपटात होते. असा हा शिक्षक आपले काम नीट करतो की नाही, हे पाहणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचे मत थोडक्यात असे : ज्या कादंबरीतील अडथळा खरा असतो आणि त्यास तोंड देताना मुलीच्या इच्छेस मुलाच्या इच्छेइतकेच वजन असते, ती कादंबरी साधते, आणि ज्या कादंबरीत अडथळा लेखकाच्या सोयीसाठी निर्माण झालेला असतो व मुलगी ही जिंकावयाची वस्तू असते, ती कितीही गोड भाषेत लिहिली असली तरी फसते. बाकीचे गुणदोष या दोहोंच्या मागोमाग येतात.

आता अडथळा खरा म्हणजे काय ते पाहू. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरिभाऊंची कादंबरी कोणी प्रेमकादंबरी म्हणणार नाही. परंतु यमू आणि रघुनाथराव या कोवळ्या जोडप्यामध्ये जे ममत्व उत्पन्न होते त्याने आजही वाचकाचे काळीज हलते. कारण त्या दोघांच्या सुखाच्या आड जे येते ते कोणा एका खलपुरुषाचे कारस्थान नसते. घरची वडीलधारी माणसे, रूढी आणि शेवटी वैधव्य, अशा भिंती असतात, आणि १८९० च्या वाचकास त्या प्रत्येक भिंतीचा पत्ता ठाऊक होता. तिकडे इंग्लंडात १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन बाईंच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीचे सामर्थ्यही यातच आहे. पाच मुलींचा बाप मेला की मालमत्ता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, ही कायद्याची तलवार त्या घरावर टांगलेली आहे. म्हणून त्या घरात चहाच्या पेल्यावर चाललेले बोलणेही जिवावरचे ठरते. नायिका एका वराला नकार देते तेव्हा ती केवळ नापसंती दाखवीत नसते, तर आपल्या आईबहिणींच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावीत असते. अडथळा खरा असला म्हणजे लहानशा ‘नाही’ला असे वजन येते.

उलटपक्षी, प्रा. ना. सी. फडके यांच्या वळणाची जी कादंबरी आमच्याकडे १९२५ नंतर पाव शतक राज्य करीत होती, तिचा विचार करा. फडक्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. तरुण स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी मोकळेपणाने व सभ्यतेने बोलावे, ही गोष्ट त्यांनी हजारो मराठी घरांस सवयीची करून दिली. भाषेस सफाई आणि कथेस रेखीव बांधणी दिली. ‘प्रतिभासाधन’ या १९३१ च्या ग्रंथात त्यांनी कथानकाची गुंतागुंत कशी करावी व सोडवावी याचे शास्त्रच सांगितले. परंतु शास्त्र हाती आले आणि जीवन निसटले, असे त्यांच्या अनुयायांचे झाले. गुंतागुंत पाहिजे म्हणून गैरसमज, विरह पाहिजे म्हणून हरवलेले पत्र, शेवट पाहिजे म्हणून आजार ! नायक आणि नायिका यांनी एकमेकांस एक सरळ वाक्य विचारले असते तर दोनशे पाने वाचली असती, असे वाचकास ज्या क्षणी वाटते त्या क्षणी कादंबरी संपली म्हणून समजावे. आज भ्रमणध्वनीवरील मालिकांतून हाच प्रकार चालू आहे; हरवलेल्या पत्राच्या जागी न वाचलेला निरोप आला, एवढाच काय तो फरक. श्रीमंत, रागीट, परंतु आतून हळवा असा कंपनीचा मालक, त्याच्या कचेरीत लागलेली गरीब मुलगी, आणि साठाव्या भागापर्यंत न सुटणारा गैरसमज ! चाकणमध्ये ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मुलीने ही कथा वाचावी आणि आपल्या आयुष्याशी ताडून पाहावी, म्हणजे तिचा खोटेपणा निराळा सांगावा लागणार नाही.

आजार हा अडथळा म्हणून वर्ज्य आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. अमेरिकेतील जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही २०१२ ची कादंबरी जगभरच्या तरुणांनी डोक्यावर घेतली. तिच्यात मुलीचा कर्करोग पहिल्या पानापासून हजर आहे. तो शेवटच्या प्रकरणात वाचकास रडविण्यासाठी बोलावून आणलेला नाही. ज्याच्याशी पात्रांस रोज उठून झगडावे लागते तो अडथळा. आणि जो लेखकाच्या हाकेसरशी धावत येतो तो केवळ नोकर.

आता दुसऱ्या कसोटीकडे वळू. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात वादळ उठले. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालते हे त्या कथांनी सांगितले; पुढे या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर हे उघड झाले. लोक चिडले ते कशाने ? प्रेमाचे वर्णन पुरुष लेखकांनी त्यापूर्वी यथेच्छ केले होते. चीड आली ती मुलीस स्वतःची इच्छा असते, ती निवड करते, तोलून पाहते आणि तिची फसवणूकही होते, हे एका स्त्रीने लिहिले म्हणून. त्यानंतर नव्वद वर्षे उलटून गेली. तरी आमच्या तरुणांच्या कादंबऱ्यांतून मुलगी अद्याप पुष्कळदा पारितोषिकासारखीच येते. नायक तिच्या मागे लागतो, ती रागावते, तो आणखी मागे लागतो, तिच्या घराखाली उभा राहतो, आणि अखेर त्याच्या चिकाटीने ती विरघळते ! या विरघळण्यास आमचे लेखक प्रेम म्हणतात.

हे केवळ वाङ्मयीन वैगुण्य असते तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. १९९० साली उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून एका विद्यार्थिनीस जिवंत जाळण्यात आले. आणि आमच्या वृत्तपत्रांनी त्या प्रकारास जे नाव दिले ते होते ‘एकतर्फी प्रेम’. शब्दांची ही केवढी विटंबना ! ज्यात समोरच्या माणसाच्या इच्छेचा लवलेशही विचार नाही त्यास प्रेम हे नाव का द्यावे ? नकार हा नकार नसून लपलेला होकार असतो, हे ज्या पिढीस गाण्यांनी, चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी पढविले, तिच्यातील एखाद्याने तो धडा शेवटपर्यंत खरा मानला, तर सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. कायदा या बाबतीत वाङ्मयाच्या पुढे गेला आहे. मुलीने स्पष्ट नापसंती दाखविल्यावरही तिचा पाठलाग करणे वा तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधू पाहणे, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली येतो, आणि पहिल्याच खेपेस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. कादंबरीचा नायक ज्या कृत्यांनी नायिकेस जिंकतो, त्याच कृत्यांनी वाचक तुरुंगात जाईल, अशी आज वस्तुस्थिती आहे. हा दोष केवळ आमचाच आहे असेही नाही. ‘ट्वायलाइट’ या २००५ च्या अमेरिकन कादंबरीतील नायक मुलीच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो, आणि लक्षावधी वाचकांनी त्यास प्रेम समजून घेतले. परंतु शेजाऱ्याचे छप्पर गळते म्हणून आपल्या घरात पाणी साचू द्यावे, असे कोणते शास्त्र सांगते ?

येथे एक वर्ग असा आहे की, तो आमच्या वरील विवेचनाचा आधार घेऊन लगेच म्हणेल, “पाहा, म्हणूनच आम्ही सांगतो, मुलांच्या हाती प्रेमकादंबऱ्या देऊच नका.” या मंडळींशी आमचा मुळातच मतभेद आहे. त्यांनी पुण्यातच उभ्या राहिलेल्या एका खटल्याचा इतिहास वाचावा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही एका तरुण कवीच्या प्रेमप्रकरणांची कथा प्रसिद्ध झाली. ती अश्लील आहे, अशी फिर्याद झाली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने आरोपींस सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकास २५ रुपये दंड केला. आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकास निर्दोष ठरविले. दंडाची रक्कम क्षुल्लक होती, परंतु मुद्दा मोठा होता. कादंबरीत स्त्रीपुरुषसंबंधाचा उल्लेख आला एवढ्यावरून ती तरुणांस अयोग्य ठरवावयाची, तर तरुणांस एकही कादंबरी वाचता येणार नाही व केवळ धार्मिक ग्रंथ तेवढे उरतील, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले, आणि समाजाची मापे काळाबरोबर बदलतात हेही मान्य केले. हा निकाल आम्हांस सर्वथैव ग्राह्य वाटतो. मात्र न्यायालयातून निर्दोष सुटणे निराळे आणि उत्तम साहित्य ठरणे निराळे. कायद्याने पुस्तकाचा मार्ग मोकळा करावा; त्याचा कस पाहण्याचे काम वाचकाचे व टीकाकाराचे आहे. आमच्याकडे टीकाकार या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि पालक ती उशीखालून काढून फेकून देतात. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या तरुणास चांगले कोणते व वाईट कोणते, हे सांगणारा कोणी उरत नाही.

चांगले कोणते, याची उदाहरणे आमच्या भाषेत नाहीत असे नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ साली निघालेली कादंबरी घ्या. नववीतला मुकुंद जोशी, आणि ज्या मुलीस तो मनातल्या मनातही आडनावानेच हाक मारतो ती शिरोडकर, यांची ही कथा आणीबाणीच्या काळात घडते. या कादंबरीत पळून जाणे नाही, मारामारीने मिळविलेला विजय नाही, लग्न तर नाहीच. चौदा वर्षांच्या मुलामुलींस दोन शब्द बोलावयास गावात जागा नाही, हाच तेथे अडथळा. आणि तो इतका खरा की, प्रत्येक मराठी वाचकाने आपल्या शाळेच्या वाटेवर तो अनुभवलेला आहे. मुलांच्या तोंडची टवाळ भाषा लेखकाने जशीच्या तशी ठेविली. परंतु त्या टवाळीच्या खाली असलेली भीती आणि कोवळीक झाकली नाही. अखेरीस ती मुलगी गाव सोडून जाते आणि मुलापुढे दहावीचे वर्ष उभे राहते. शेवट दुःखाचा आहे, पण वाचक फसविला जात नाही. कारण त्या वयातील बहुतेक प्रेमांचा शेवट असाच होत असतो आणि त्याने आयुष्य संपत नाही, हे जाणणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

सुहास शिरवळकरांची १९८२ ची ‘दुनियादारी’ वेगळ्या जातीची. तिच्यात नाट्य अधिक, भडक रंगही अधिक. परंतु पुण्याच्या महाविद्यालयीन कट्ट्यावरची मैत्री तिच्यात अशी जिवंत उतरली की, २०१३ साली चित्रपट निघाल्यावर लेखकाच्या पश्चात दहा वर्षांनी एक नवीच पिढी त्या पुस्तकाकडे वळली. यातून शिकावयाचे ते असे की, प्रेमिकांभोवती मित्र, घर, पैसा, परीक्षा यांचे भरलेले जग असल्याखेरीज प्रेमही उभे राहत नाही. दोघेच जण पोकळीत लोंबकळत असले, तर त्यांच्या विरहाचे कोणास सोयरसुतक वाटावे ?

परंतु आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे. शाळेचे प्रेम लिहिले गेले, कट्ट्याचे लिहिले गेले; ज्यांच्या घामावर पिंपरीपासून चाकणपर्यंतचा हा पट्टा उभा आहे त्या तरुणांचे प्रेम मराठी कादंबरीत अजून आपल्या हक्काच्या जागी बसलेले नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. साठीच्या दशकात आकुर्डीस बजाज व पिंपरीस टेल्को आली. १९८२ साली महानगरपालिका झाली. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज यांसारख्या परदेशी कंपन्यांनी चाकण गाठले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आयटीआय किंवा पदविका घेतलेली मुले व मुली येथे येतात. आयुष्यात प्रथमच ती आपल्या गावाच्या, आपल्या आळीच्या, आपल्या जातीच्या नजरेबाहेर असतात. जुळणीच्या ओळीवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आडनाव विचारण्यापूर्वी त्याचा हात कसा चालतो हे दिसते. ज्या समाजात मुलगा-मुलगी एकमेकांस जातीवाचून भेटतच नव्हती, त्यात ही केवढी क्रांती ! आणि या क्रांतीची कादंबरी कोठे आहे ?

या पट्ट्यात खरे अडथळे शोधीत हिंडावे लागत नाही. कंत्राट सहा-अकरा महिन्यांचे, त्यामुळे लग्नाचा विचार पुढील ब्रेकच्या पलीकडे जात नाही. त्याची रात्रपाळी, तिची दिवसपाळी. आठवड्यातून एक सुटी, आणि तीही एका दिवशी येईल याची शाश्वती नाही. घरमालक मुलींस खोली देताना शंभर प्रश्न विचारणार. घरी दर महिन्यास पैसे धाडावयाचे, धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे. आणि या सर्वांवर जात. वयाचा प्रश्नही आहेच : २०१२ पासून अठराच्या आतील मुलीची संमती कायदा मानीत नाही, त्यामुळे सतराव्या वर्षी घरातून निघालेल्या मुलीबरोबरचा एकोणीस वर्षांचा मुलगा गंभीर गुन्ह्याचा आरोपी होतो. दोघेही सज्ञान आणि भिन्न धर्माची असली, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते. आणि पक्षकार त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल, तर तिची एक प्रत लावण्यासाठी त्याच्या मूळ जिल्ह्यातही धाडली जाते. म्हणजे ज्या घरापासून लपून दोघे चाकणास आली, त्याच घराच्या तालुक्यात त्यांच्या लग्नाची बातमी सरकारच पोचविणार ! हरवलेल्या पत्राच्या क्लृप्त्या लढविणाऱ्या कादंबरीकारांस आम्ही विचारतो, या एका पोचलेल्या कागदाइतके नाट्य तुमच्या कोणत्या गैरसमजात आहे ?

चाकणपासून हाकेच्या अंतरावर आळंदी आहे. घरच्यांस न कळविता लग्न करू पाहणारी हिंदू जोडपी तिकडची वाट धरतात, हे या भागात सर्वांस ठाऊक आहे. ज्या ज्ञानोबांच्या आईबापांस त्यांच्या संसाराबद्दल समाजाने वाळीत टाकले, त्या ज्ञानोबांच्या समाधीच्या गावी आज वाळीत पडण्याची भीती असलेली जोडपी अक्षता टाकून घेण्यास येतात. असा योग कल्पनेने जुळविता आला नसता. परंतु कादंबरी तेथे संपता कामा नये. खरी कादंबरी अक्षता पडल्यावर सुरू होते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या २०१६ च्या चित्रपटाने महाराष्ट्रास हलविले ते केवळ त्याच्या शेवटाने नव्हे. पळून गेलेली ती दोघे परक्या शहरातील झोपडीत येतात, तिला चूल येत नाही, त्याला संशय येतो, भांडणे होतात, आणि मग हळूहळू कष्टाने संसार उभा राहतो. तो मधला भाग आमच्या मते त्या चित्रपटाचा प्राण आहे. प्रेम म्हणजे भाडे, प्रेम म्हणजे भांडी, प्रेम म्हणजे दुसऱ्याचा थकवा ओळखणे, हे तेथे दिसले. आमच्या कादंबऱ्या मात्र सनई वाजली की पडदा पाडतात.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, तुम्ही कादंबरीस समाजसुधारणेच्या गाड्यास जुंपू पाहता. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला मुलगा रात्री व्याख्यान ऐकण्यासाठी वाचीत नाही. हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. ज्या कादंबरीत नायक चांदण्यात बसून जातिनिर्मूलनावर प्रवचन करतो आणि नायिका माना डोलविते, ती फसलेलीच समजावी. कला जीवनासाठी की कलेसाठी, या फडके-खांडेकर वादाने तीसचे दशक गाजले. पण त्या वादात दोन्ही बाजूंच्या दुबळ्या अनुयायांनी एकच चूक केली, ती ही की, एकाने पात्रांस आपल्या बांधणीचे दास केले आणि दुसऱ्याने आपल्या ध्येयाचे. तरुण वाचकास करमणूक पाहिजे, आणि ती मिळालीच पाहिजे. त्याला हसू आले पाहिजे, पुढे काय होते याची हुरहूर लागली पाहिजे. पण हुरहूर लागते ती ज्याचे काही बुडण्यासारखे आहे त्याच्याबद्दलच. चित्रातल्या वाघाने कोणाचीही छाती धडधडत नाही. खरा अडथळा हे सुधारकाचे ओझे नसून कथेची विस्तवासारखी गरज आहे, एवढे लेखकाने ओळखले की प्रवचनाची आवश्यकताच राहत नाही.

आणि येथे आम्हांस स्वदेशीचाही मुद्दा मांडावासा वाटतो. परदेशी कादंबऱ्या वाचू नयेत असे आम्ही कधीही म्हणणार नाही. उत्तम माल कोठूनही घ्यावा. परंतु कच्चा माल आपल्या अंगणात ढीगभर पडलेला असता परक्यांच्या साच्यात परक्यांचेच ओतीव घडवून त्यावर मराठी नावाचा छाप मारणे, ही कारागिरी नव्हे. ज्या पट्ट्यातील कामगार जगातल्या नामांकित मोटारींचे भाग केसाएवढाही फरक न ठेवता घडवितो, त्या पट्ट्यातील लेखकाने आपल्या माणसांचे मन तितक्याच काटेकोरपणे घडवून दाखवावे, ही अपेक्षा अवास्तव आहे काय ?

तेव्हा आमच्या सूचना अशा. प्रकाशकांनी कॉट बेसिसवर राहणाऱ्या वाचकास परवडेल अशा किमतीची पुस्तके काढावी व या भागातील नव्या लेखक-लेखिकांचा शोध घ्यावा. विशेषतः मुलींनी लिहिलेले मागवावे, कारण अर्धे सत्य त्यांच्यापाशी आहे. ग्रंथालयांनी आपली वेळ पाळ्यांशी जुळवावी. दुसऱ्या पाळीचा कामगार सुटतो तेव्हा कुलूप लावलेले ग्रंथालय त्याच्या काय कामाचे? महाविद्यालये व आयटीआय यांतील शिक्षकांनी या कादंबऱ्यांची नाके मुरडून वासलात न लावता त्या वर्गात चर्चेस घ्याव्या, आणि नायकाने हे जे केले त्यास प्रेम म्हणावे काय, हा एकच प्रश्न मुलामुलींस विचारावा. टीकाकारांनी या पुस्तकांस आपल्या स्तंभात जागा द्यावी. झोडपावयाचे तर वाचून झोडपावे. आणि आईबापांनी उशीखालचे पुस्तक फेकण्यापूर्वी ते स्वतः वाचावे.

दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांस वरले म्हणजे कुटुंबाची, कुळाची अथवा जातीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्वच्छ शब्दांत सांगितले. हक्क कायद्याने दिला. तो वापरण्याचे धैर्य आणि वापरताना दुसऱ्याच्या ‘नाही’चा मान राखण्याची सभ्यता, या दोन्ही गोष्टी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने अंगी येत नाहीत. त्या माणसास माणसाकडून, आणि पुष्कळदा गोष्टीकडूनच, शिकाव्या लागतात. चाकणच्या खोलीत पाळीहून परतलेली एखादी मुलगी आज रात्री कोणती गोष्ट वाचीत झोपी जाईल, यावर ती उद्या काय सहन करील आणि काय करणार नाही, हे थोडेबहुत अवलंबून आहे. तिच्या हाती खोटी गोष्ट देणारा लेखक तिचा अपराधी आहे. आणि खरी गोष्ट लिहिण्यास जो समर्थ असूनही बसला नाही, त्याचाही अपराध आम्ही त्याहून हलका मानीत नाही.